पुढच्या गाडीपासून किती अंतर? व्यापाऱ्यांनीही मांडावा असा हिशेब

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मालेगावहून भिवंडीकडे ग्रे कापडाचे तागे घेऊन निघालेला एक टेम्पो चांदवडच्या परिसरात पुढे चाललेल्या ट्रकवर मागून आदळला. अल्लाहच्या कृपेने प्राणहानी झाली नाही. परंतु ड्रायव्हरचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला आणि घरातला एकमेव कमावता माणूस चार महिने अंथरुणाला खिळला. ताडपत्री फाटून तागे पावसात भिजले, त्यांवर डाग पडले. भिवंडीच्या व्यापाऱ्याने माल उतरवून घ्यायला नकार दिला. ज्या यंत्रमागवाल्याचे हे कापड होते त्याने सूत उधारीवर उचललेले होते, त्यामुळे सूतवाल्याचे पैसे अडकले. टेम्पोमालकाचा विमा केवळ तृतीय पक्षाचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही त्यातून मिळायचा नव्हता. एका धडकेत चार घरांचा हिशेब विस्कटला.

आम्ही त्या ड्रायव्हरला भेटायला गेलो तेव्हा खोलीत बसलेले सगळेजण ट्रकवाल्यालाच दोष देत होते. त्याने अचानक ब्रेक मारला, हाताने इशारा केला नाही, मागचा दिवा लागत नव्हता, वगैरे. ड्रायव्हर मात्र बराच वेळ गप्प होता. शेवटी तो म्हणाला, “भाईजान, खरे सांगायचे तर त्याच्या फाळक्यावर लिहिलेले बारीक अक्षरसुद्धा मला वाचता येत होते. एवढ्या जवळ मी होतो.”

आजचा लेख या एका वाक्यावर आहे. व्यापार आणि उद्योगाच्या पानावर गाडी चालवण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु आपल्या समाजातील फार मोठा वर्ग या ना त्या नात्याने चाकांवरच पोट भरतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचे कापड असो, कोकणातला आंबा व मासळी असो, बेकरीचा माल असो, फर्निचर असो, फॅब्रिकेशनचे अँगल-पाइप असोत किंवा भंगार असो, माल तयार झाला म्हणजे धंदा झाला असे होत नाही. तो धडपणे पोहोचला म्हणजे धंदा झाला. आणि तो पोहोचवणारा ड्रायव्हरही बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला, आपल्याच ओळखीचा असतो.

मागून धडक हाच सर्वात मोठा प्रकार

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातील अपघातांचा अहवाल प्रसिद्ध करते. २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. धडकेच्या प्रकारांनुसार पाहिले तर मागून दिलेल्या धडकेचा वाटा सर्वात मोठा होता. पाच अपघातांतला किमान एक याच प्रकारचा. समोरासमोरच्या धडकेची आपल्याला भीती वाटते, पण प्रत्यक्षात जास्त गाड्या आदळतात त्या आपल्याच दिशेने जाणाऱ्या गाडीवर.

यातली खेदाची बाब अशी की हा अपघात टाळायला ना पैसा लागतो, ना नवे यंत्र. पुढे मोकळी जागा ठेवावी लागते, बस्स. आणि नेमकी तीच ठेवली जात नाही.

गाडी थांबते कशी?

ब्रेकवर पाय दिला की गाडी थांबते, असे आपण समजतो. हा समज अर्धवट आहे. पुढच्या गाडीचा लाल दिवा डोळ्यांना दिसणे, धोका आहे हे मनाला उमगणे, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर ठेवणे, या साऱ्यात सावध माणसालाही एक ते दीड सेकंद जातो. थकलेल्या, झोपाळलेल्या किंवा फोन कानाला लावलेल्या माणसाला त्याहून जास्त. या वेळात गाडी पहिल्याच वेगाने पुढे धावत असते.

आता आकडे पाहू. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. दीड सेकंदात गाडी २५ मीटर पुढे गेली, आणि अजून ब्रेक लागायचाच आहे. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर हलकी गाडी थांबायला आणखी २० ते २५ मीटर घेते. भरलेल्या ट्रकला याहून जास्त लागतात. म्हणजे ६० च्या वेगात धोका दिसल्यापासून गाडी उभी राहीपर्यंत ५० मीटरच्या आसपास रस्ता संपलेला असतो. पाच ट्रक एकामागे एक उभे राहतील एवढी ही जागा आहे.

वेग वाढला की हे अंतर त्याच प्रमाणात वाढत नाही, त्याहून फार जास्त वाढते. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. हा निसर्गाचा नियम आहे. चाळीस वर्षांचा अनुभव असलेला ड्रायव्हर असो की काल लायसन्स मिळालेला मुलगा, दोघांनाही तो सारखाच लागू पडतो.

आमच्या टेम्पोवाल्याकडे वळू. फाळक्यावरचे बारीक अक्षर वाचता येते म्हणजे अंतर फार तर सात-आठ मीटर. ६० च्या वेगाने हे अंतर अर्ध्या सेकंदात संपते. याचा अर्थ त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचण्याआधीच टक्कर होऊन गेलेली होती. ब्रेक नवे असते तरी उपयोग नव्हता, कारण ते वापरायला वेळच शिल्लक नव्हता.

अंतर मोजावे कसे?

चालत्या गाडीतून मीटर मोजता येत नाहीत. म्हणून जगभर जाणकार लोक अंतर मीटरमध्ये न सांगता सेकंदांत सांगतात. याचा फायदा असा की वेग वाढला तर तेवढ्याच सेकंदांत अंतर आपोआप वाढते, वेगळे गणित करावे लागत नाही.

रीत सोपी आहे. पुढच्या गाडीचा मागचा भाग रस्त्याकडेच्या एखाद्या विजेच्या खांबापाशी, किलोमीटरच्या दगडापाशी किंवा पुलाच्या कठड्यापाशी गेला की सावकाश ‘सुब्हानल्लाह’ म्हणायला सुरुवात करावी. सावकाश उच्चारला तर हा शब्द साधारण एक सेकंद घेतो. तीनदा म्हणून होण्याआधीच आपली गाडी त्या खांबापाशी पोहोचली, तर आपण फार जवळ आहोत असे समजावे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करावा. ज्यांना आकडे बरे वाटतात त्यांनी ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ असे मोजावे.

किती सेकंद ठेवावेत याचे साधारण माप असे. मोटारसायकल, रिक्षा व मोटारीला कोरड्या रस्त्यावर दिवसा किमान दोन सेकंद, आणि तीन ठेवले तर उत्तम. माल भरलेल्या टेम्पो-ट्रकला किमान तीन, महामार्गाच्या वेगात चार. पाऊस असेल तर याच्या दुप्पट. धुके असेल तर दुप्पटही पुरेसे नाही. तिथे वेगच कमी केला पाहिजे.

एखादा वाचक विचारील की थांबायला ५० मीटर लागतात आणि दोन सेकंदांत ३३-३४ मीटरच होतात, हे कसे? उत्तर असे की पुढची गाडीही एकदम गोठून उभी राहत नाही, तीही काही अंतर सरकून थांबते. ती सरकते तेवढी जागा आपल्याला मिळते. परंतु पुढची गाडीच जर कशावर आदळून जागच्या जागी थांबली, तर ही सवलत नाहीशी होते. एकामागे एक सात-आठ गाड्या आदळण्याचे प्रकार असेच घडतात. म्हणून दोनपेक्षा तीन सेकंद बरे.

भरलेली गाडी, घाट, पाऊस आणि रात्र

वजन भरले की गाडी रस्त्याला घट्ट बसते व चांगली थांबते, असा एक गैरसमज आपल्या ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यांवर ऐकू येतो. गाडी डुलत नाही एवढेच त्यात खरे आहे. थांबवण्याचे काम ब्रेकला करायचे असते आणि ब्रेक ठरावीक वजनासाठी बनवलेले असतात. क्षमतेपेक्षा जास्त माल भरला की तेच ब्रेक गाडी उशिरा थांबवतात. मोठ्या ट्रकमधील हवेच्या ब्रेकला पाय दिल्यावर हवा चाकापर्यंत पोहोचायलाही किंचित वेळ लागतो. तो क्षणभराचा उशीर ६० च्या वेगात काही मीटरचा होतो.

घाटाची गोष्ट निराळी. आग्रा रोडवरचा राहूड घाट असो किंवा कसारा घाट असो, उतारावर सतत ब्रेक दाबून चालवले की लायनर तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजूनही काही कमी नाहीत. दोन-चार रुपयांच्या डिझेलसाठी ते लाखांची गाडी आणि मोल नसलेला जीव ब्रेकच्या भरवशावर सोडून देतात. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम सोपा होता. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडीला मागे ओढते, ब्रेक थंड राहतात आणि गरज पडेल तेव्हा कामाला येतात.

घाटात वाहने तुंबली असता चढावर पुढच्या ट्रकला अगदी चिकटून उभे राहू नये. गाडी सुटताना ती हातभर मागे येतेच. आपल्या जागेवर बसून पुढच्या गाडीची मागची चाके रस्त्याला टेकलेली दिसली पाहिजेत, एवढे अंतर उभ्या गाडीतही ठेवावे.

पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेले तेल आणि धूळ यांचा चिखल होतो आणि टायर घसरतात. ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर दीडपट ते दुप्पट होते. टायर गुळगुळीत झाला असेल तर विचारायलाच नको.

रात्रीचा नियम वेगळाच आहे. डिपरवरच्या प्रकाशात साधारण ४०-५० मीटरपर्यंतच स्पष्ट दिसते. ताशी ८० च्या वेगात थांबायला ७० मीटरच्या वर लागतात. म्हणजे ८० ने डिपरवर धावणारा माणूस जे दिसतच नाही त्यावर जाऊन आदळण्याची तयारी करून चालला आहे. साइडपट्टीवर दिवे न लावता उभा असलेला बंद ट्रक हा रात्रीचा सर्वात मोठा शत्रू. आपली गाडी बंद पडली तर ती शक्य तेवढी कडेला घेणे, चारही इंडिकेटर लावणे आणि मागे पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. नुसत्या झाडाच्या फांद्या किंवा दगड ठेवून ते पार पडत नाही. आणि ते दगड जाताना तसेच सोडून जाणे हा दुसरा गुन्हा.

उंच ट्रकच्या मागे चिकटून चालणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही, फक्त फाळका दिसतो. खड्डा, गतिरोधक, आडवे आलेले जनावर, सारे काही त्याला ट्रकवाल्याच्या ब्रेकवरूनच कळते. अंतर ठेवले की त्याच ट्रकच्या पलीकडचेही दिसू लागते. म्हणजे अंतराने वेळ मिळतो आणि नजरही मिळते.

समृद्धी महामार्गाचा धडा

नागपूर ते भिवंडी तालुक्यातील आमणे हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्णपणे खुला झाला आहे. इगतपुरीजवळच्या जुळ्या बोगद्यांमुळे कसारा घाट टाळून जाता येतो. आपल्या व्यापाराला याचा लाभ आहे. परंतु या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० ची आणि मालवाहू गाड्यांना ८० ची मर्यादा आहे. दोघांच्या वेगात ४० चा फरक, म्हणजे मोटार ट्रकच्या दिशेने सेकंदाला ११ मीटर सरकत असते. शंभर मीटरवर दिसणारा ट्रक नऊ सेकंदांत नाकासमोर येतो. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळा लागतो किंवा लक्ष फोनकडे जाते, आणि नऊ सेकंद कधी संपले ते कळत नाही. तेव्हा मोटारवाल्याने लांबूनच वेग उतरवावा आणि ट्रक-टेम्पोवाल्याने आपली लेन सोडू नये, मागचे दिवे व रिफ्लेक्टर पट्ट्या पुसून स्वच्छ ठेवाव्यात.

कायदा कोणाला दोषी धरतो?

मागून धडक देणारा म्हणतो की पुढच्याने अचानक ब्रेक मारला. कायदा याबाबत काय म्हणतो ते व्यापाऱ्यांनी व गाडीमालकांनी समजून घेणे जरुरीचे आहे.

१९८९ च्या रस्ता-नियमांतील २३ व्या नियमाचा आशय असा होता की पुढची गाडी एकाएकी हळू झाली किंवा थांबली तरी टक्कर होणार नाही, एवढे अंतर मागच्याने ठेवले पाहिजे. २०१७ साली हे नियम बदलून नवे विनियम आले, तरी पुरेसे अंतर ठेवण्याची जबाबदारी कायम आहे. म्हणजे पुढचा अचानक थांबेल हे गृहीत धरूनच गाडी चालवायची आहे.

याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये एक महत्त्वाचा निकाल दिला. ट्रकच्या मागून येणारी मोटार त्यावर आदळली होती आणि दोन्ही गाड्यांमध्ये अंतर १० ते १५ फुटांचे होते. हे अंतर सुरक्षित नव्हते व त्याचा दोष मोटार चालवणाऱ्याकडे जातो, असे न्यायालयाने म्हटले. ट्रकवाल्याचा निष्काळजीपणा मान्य झाला नाही. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर. ६० च्या वेगात पाव सेकंदाचे अंतर.

याची दुसरी बाजूही आहे. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणाचा निकाल दिला. महामार्गावर पुढे चाललेल्या मोटारीने अचानक ब्रेक मारला, मागचा मोटारसायकलस्वार विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेली बस त्याच्या पायावरून गेली. त्याचा पाय कापावा लागला. गरोदर पत्नीला मळमळल्यामुळे थांबलो, असे मोटारवाल्याचे म्हणणे होते. महामार्गावर मागच्या गाड्यांना इशारा न देता एकाएकी थांबण्यास हे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने ठरवले. दोषाची विभागणी अशी झाली: मोटारवाला ५० टक्के, बसवाला ३० टक्के आणि पुरेसे अंतर न ठेवल्याबद्दल स्वतः जखमी विद्यार्थी २० टक्के. म्हणजे पाय गमावलेल्या त्या मुलाच्या भरपाईतूनही पाचवा हिस्सा कापला गेला, केवळ अंतरापायी.

या दोन निकालांतून आमच्या मते एवढे शिकण्यासारखे आहे: मागचा असाल तर अंतर ठेवा, पुढचा असाल तर इशारा दिल्याशिवाय थांबू नका. चहाच्या टपरीवर ओळखीचा दिसला म्हणून महामार्गावर कचकन ब्रेक मारणारे आपल्यातही आहेत.

हा झाला भरपाईचा भाग. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. जुन्या दंडविधानात ही मर्यादा दोन वर्षांची होती.

विम्याचा कागद उघडून पाहा

बहुतेक छोटे गाडीमालक पोलिसांना दाखवण्यापुरता विमा काढतात. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीसाठी असतो. आपल्या गाडीची दुरुस्ती त्यात येत नाही. सर्वंकष विमा काढला तर गाडीची दुरुस्ती येते, परंतु आत भरलेला माल त्यातही येत नाही. मालासाठी वाहतुकीतील मालाचा विमा वेगळा काढावा लागतो. चांदवडजवळ भिजलेल्या तागांना कोणताच विमा लागू नव्हता, कारण कापडवाल्याला वाटत होते की तो टेम्पोवाल्याने काढला असेल आणि टेम्पोवाल्याला वाटत होते की तो मालवाल्याचा प्रश्न आहे. बिल्टी फाडतानाच हा प्रश्न विचारून घेतला पाहिजे.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंड आहे. ही शिक्षा चालवणाऱ्याला आहे तशीच चालवायला लावणाऱ्यालाही आहे, हे ध्यानात ठेवावे.

“जागा ठेवली तर दुसरा घुसतो”

आम्ही ज्या ज्या ड्रायव्हरांशी बोललो त्या सर्वांनी एकच तक्रार केली. पुढे जागा सोडली की डावीकडून-उजवीकडून कोणी ना कोणी त्यात घुसतो. मग अंतर ठेवून फायदा काय?

तक्रार खरी आहे. पण तिचा हिशेब कोणी मांडत नाही. एक गाडी घुसली तर आपण पुन्हा तीन सेकंदांचे अंतर करायला किंचित मागे येतो. म्हणजे आपले तीन सेकंद गेले. मालेगाव ते भिवंडी या साऱ्या रस्त्यात अशा साठ गाड्या घुसल्या असे धरा. साठ गुणिले तीन म्हणजे १८० सेकंद. तीन मिनिटे! एक कप चहा प्यायला याहून जास्त वेळ लागतो. तीन मिनिटे वाचवण्यासाठी आपला ड्रायव्हर पाच-सहा तास मृत्यूच्या फाळक्याला चिकटून चालतो.

उलट, अंतर ठेवून चालणाऱ्याला दर मिनिटाला ब्रेक दाबावा लागत नाही. लायनर, क्लच, टायर जास्त टिकतात, डिझेल कमी लागते आणि माणूस कमी थकतो. एखादा मागून चिकटलाच असेल तर त्याच्याशी ईर्षा करू नये. आपण पुढचे अंतर आणखी वाढवावे, म्हणजे आपल्याला हळूवार थांबता येईल आणि मागच्यालाही वेळ मिळेल. जागा मिळताच त्याला पुढे जाऊ द्यावे.

अंतर गादीवर ठरते

आता आमच्या मूळ गोष्टीकडे परत येतो. खोलीतली माणसे उठून गेल्यावर त्या ड्रायव्हरने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या रात्री तो आदल्या फेरीहून येऊन जेमतेम तीन तास झोपला होता. वार गुरुवार होता. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून गुरुवारी रात्री माल निघालाच पाहिजे असा तगादा होता. आणि मालेगाव सोडल्यापासून पेढीवरून तीन वेळा फोन आला होता. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, कुठवर आलास?

फोन करणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही ओळखतो. नेक माणूस आहे. पाय मोडल्यावर ड्रायव्हरच्या घरी रेशन त्यानेच भरले, दवाखान्यातही तोच धावला. पण फोन करताना त्याला वाटले की आपण फक्त विचारपूस करत आहोत. गाडीत बसलेल्याला मात्र त्यात एकच शब्द ऐकू आला, लवकर. आम्ही त्याला हे सांगितले तेव्हा तो पुष्कळ वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, “मी रस्त्यावर नव्हतो, तरी गाडी मीच हाकत होतो.”

आमचे म्हणणे हेच आहे. दोन गाड्यांमधले अंतर रस्त्यावर दिसते, पण ते ठरते पेढीवर, गादीवर, कारखान्यात. जो व्यापारी वेळेत पोहोचल्याबद्दल इनाम देतो आणि उशिराबद्दल भाडे कापतो, तो आपल्या ड्रायव्हरला पुढच्या गाडीच्या जवळ ढकलतो. मोटर परिवहन कामगार अधिनियम १९६१ चा होता. त्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी तरतूद होती. एक-दोन गाड्या असलेल्या मालकाला तो कायदा लागू नव्हताही, पण माणसाच्या शरीराची गरज तर सर्वांची सारखीच असते.

म्हणून आमच्या व्यापारी व कारखानदार बांधवांना काही सूचना कराव्याशा वाटतात. माल भरण्याची वेळ दोन तास अलीकडे घ्या, म्हणजे पोहोचण्याची घाई राहणार नाही. चालत्या गाडीतल्या ड्रायव्हरला फोन करू नका. तो थांबेल तेव्हा तोच करील, असे ठरवून घ्या. निघण्याआधी तो किती तास झोपला हे विचारा आणि उत्तर पटले नाही तर गाडी सकाळी सोडा. ब्रेक आणि टायर पाहिल्याशिवाय गाडीला माल देऊ नका, भाडे कितीही कमी सांगो. रमजानमध्ये इफ्तारच्या आधीच्या तासात गाडी रस्त्यावर राहणार नाही अशी फेरी आखा, कारण भुकेला, तहानलेला माणूस अजानच्या आधी घर गाठायला निघाला की पुढचा फाळका त्याला दिसत नाही. खजूर आणि पाण्याची बाटली गाडीत असू द्या. रोजा रस्त्याकडेला थांबूनही सोडता येतो.

आपले कारागीर बांधव मोटारसायकलवर मागे गठ्ठा बांधून किंवा पुढे पेटी ठेवून शहरातून फिरतात, त्यांनाही हेच सांगणे आहे. गठ्ठ्याच्या वजनाने गाडी उशिरा थांबते आणि पुढे रिक्षा कधी थांबेल याचा नेम नसतो. दोन सेकंद तिथेही लागतातच. अँगल, सळई, पाइप गाडीबाहेर काढून नेणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांनी तर फारच जपावे. त्यांच्या मागच्याने अंतर चुकवले तर काचेतून आत जाते ते लोखंड.

तवक्कुल म्हणजे काय?

“जे नशिबात आहे ते होणारच,” असे म्हणून बेदरकार गाडी हाकणारे आम्हाला ठाऊक आहेत. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवू पाहणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला आणि मग भरोसा ठेवायला सांगितले, ही हदीस आपल्या लहान मुलांनाही माहीत असते. आजच्या रस्त्यावर उंट बांधणे म्हणजे पुढे जागा ठेवणे होय. सवारीवर बसताना आपण दुआ पढतो. ती पढून झाल्यावर पुढच्या गाडीला चिकटून चालायचे असेल, तर त्या दुआचा अर्थ आपल्याला समजला नाही असेच म्हणावे लागेल.

गाडीतला माल अमानत आहे. शेजारी बसलेला क्लीनर हा कोणाचा तरी मुलगा आहे. पुढच्या गाडीत बसलेले लोक कोणत्याही धर्माचे असोत, त्यांचा जीव हा त्यांचा आपल्यावरचा हक्क आहे. शरीअतने चुकून झालेल्या मृत्यूलाही सोडून दिलेले नाही. त्यासाठी दियत आणि कफ्फारा ठेवला आहे. चूक झाली एवढे म्हणून माणूस जबाबदारीतून सुटत नाही.

तो ड्रायव्हर आता पुन्हा टेम्पो चालवतो. किंचित लंगडतो. परवा भेटला तेव्हा आम्ही त्याला सहज विचारले, आता किती अंतर ठेवतोस? तो हसून म्हणाला, “फाळक्यावरचे वाचता आले नाही पाहिजे, एवढे.” आणि पेढीवरून फोन? “तो आता येत नाही. मीच करतो, पोहोचल्यावर.”